इंग्रजी लिहिताना मराठी माणूस नेमका कुठे अडतो

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाच्या इंग्रजीतल्या चुका कशाही, कुठेही होत नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. ‘आय डिड नॉट वेंट’ असं लिहिणारा माणूस निष्काळजी नसतो. तो ‘मी गेलो नाही’ हे वाक्य इमानेइतबारे इंग्रजीत उतरवत असतो. मराठीत ‘गेलो’ हे भूतकाळी रूप तसंच राहतं आणि त्याला ‘नाही’ जोडलं जातं, म्हणून इंग्रजीतही त्याच्या हातून ‘वेंट’ तसंच राहतं.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. शिकण्याची वर्षं वाढली तरी चुकांच्या जागा बहुतेक त्याच राहिल्या, कारण त्या आपल्या भाषेच्या घडणीतून येतात. माझ्या मते यावर जाडजूड व्याकरण पाठ करणं हा उपाय नाही. मराठी काय करते आणि इंग्रजी तिथे काय वेगळं करते, एवढ्या मोजक्या जागा ओळखून ठेवाव्यात आणि प्रत्येक मजकूर त्या जागांवर तपासावा. हा लेख अर्ज, मेल, अहवाल असं रोजचं इंग्रजी लिहावं लागणाऱ्या नवशिक्यांसाठी आहे.

कामाची पद्धत साधी ठेवा. आधी मजकूर न अडखळता लिहून काढा. मग तो अनेकदा वाचा आणि प्रत्येक वाचनात एकच गोष्ट शोधा. एका दमात सगळ्या चुका शोधायला गेलं की निम्म्या सुटतात.

पहिलं वाचन : वाक्यं मोकळी करा

‘माझी आई आजारी आहे, तिला दवाखान्यात न्यायचं आहे, मला दोन दिवस रजा हवी आहे.’ मराठीत हे वाक्य कानाला खटकत नाही. स्वल्पविरामांवर आपण वाक्यामागून वाक्य चालवू शकतो. इंग्रजीत मात्र ‘माय मदर इज इल, आय नीड लीव्ह’ ही चूक धरली जाते. ज्याला स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद आहे ते तिथे पूर्ण वाक्य असतं, आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. एक तर पूर्णविराम द्या, नाही तर ‘ॲन्ड’, ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’ असा सांधा घाला. नवशिक्याने पूर्णविरामच निवडावा असं मी सांगेन. छोटी वाक्यं लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं दिसतं ही समजूत चुकीची आहे. लांब वाक्यात काळ, वचन आणि अर्थ तिन्ही हातातून निसटतात.

याच वाचनात जोड्या तपासा. मराठीला जोडीने चालायची सवय आहे : जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. त्यातून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीला दोघांतला एकच पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवलंत तर ‘बट’ काढा, ‘बट’ ठेवलंत तर ‘ऑल्दो’ काढा. ‘ॲज’ने सुरू झालेल्या वाक्यात मध्ये ‘सो’ घालणं ही त्याच घरातली चूक. ‘इफ’बरोबर ‘देन’ मात्र चालतं, त्यामुळे तिथे घाबरायला नको.

दुसरं वाचन : भूतकाळ एकदाच दाखवायचा

‘डिड’ आला की भूतकाळ दाखवून झाला, पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘आय डिड नॉट गो’, ‘डिड यू रिसीव्ह द मेल’. लिहिलेल्या मजकुरातल्या प्रत्येक ‘डिड’वर बोट ठेवा आणि त्याच्या जोडीचं क्रियापद पाहा. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांच्या पुढेही मूळ रूपच येतं. ‘कॅनॉट एबल टू’ हे दुहेरी आहे, कारण ‘कॅन’ आणि ‘एबल’ दोघंही ‘शकणे’च सांगतात.

आता प्रश्न. ‘तुम्ही कुठे जाताय?’ आणि ‘तुम्ही बाजारात जाताय’ यांत शब्दांचा क्रम तोच राहतो, म्हणून आपण ‘व्हेअर यू आर गोइंग’ विचारतो. इंग्रजी प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं : ‘व्हेअर आर यू गोइंग’. हे अंगवळणी पडलं की नेमकी उलटी चूक सुरू होते. ‘ऑफिस कधी उघडतं ते सांगा’ याचं ‘प्लीज टेल मी व्हेन डज द ऑफिस ओपन’ होतं. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, क्रम पुन्हा साधा होतो : ‘प्लीज टेल मी व्हेन द ऑफिस ओपन्स’. कार्यालयीन मेलमध्ये हा नमुना फार वेळा लागतो, म्हणून तो वहीत लिहून ठेवा.

तिसरं वाचन : हॅव, हॅड आणि हॅविंग

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठी माणूस सगळ्यात जास्त इथेच घसरतो.

‘मी कालच मेल पाठवला आहे’ हे निर्दोष मराठी आहे. ‘आय हॅव सेंट द मेल येस्टरडे’ हे मात्र चूक. इंग्रजीतला ‘हॅव सेंट’ आजशी बांधलेला असतो. काम झालं आहे एवढंच तो सांगतो, केव्हा झालं हे सांगायला तो तयार नसतो. वाक्यात काल, गेल्या आठवड्यात, २०१९ साली, दोन तासांपूर्वी अशी संपलेली वेळ आली की साधा भूतकाळ घ्यायचा : ‘आय सेंट द मेल येस्टरडे’. वेळ सांगायची नसेल तर ‘आय हॅव सेंट द मेल’ अगदी योग्य. तपासणी सोपी आहे. प्रत्येक ‘हॅव’ आणि ‘हॅज’च्या वाक्यात संपलेली वेळ दडलेली आहे का ते पाहा. असेल तर दोघांतलं एक जायला हवं.

‘हॅड’ची गोष्ट याहून फसवी. ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो आणि त्यात ‘होतो’ दिसतं म्हणून ‘आय हॅड गॉन टु नाशिक येस्टरडे’ लिहितो. इथे हवं आहे ते फक्त ‘आय वेंट टु नाशिक येस्टरडे’. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे सांगायचं असेल तेव्हा ‘हॅड’ कामाला येतो : ‘द बस हॅड लेफ्ट बिफोर आय रीच्ड द स्टँड’. दुसरी घटनाच नसेल तर ‘हॅड’ वाचणाऱ्याला वाट पाहायला लावतो. आधी हे झालं, मग काय झालं, असा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि उत्तर मिळत नाही.

‘पासून’ हा तिसरा सापळा. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. यात दोन दुरुस्त्या आहेत. काम तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून ‘हॅव बीन वर्किंग’. आणि ‘पाच वर्षं’ हा कालावधी आहे, म्हणून ‘फॉर’. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण लागतो : ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स माय मॅरेज’. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘पासून’ चालतं, त्यामुळे आपल्याला हा फरक जाणवतच नाही. पुढचा शब्द किती वेळ ते सांगतो की कधीपासून, एवढं विचारलं की उत्तर मिळतं.

शेवटी ‘हॅविंग’. मालकी, नातं, आजार, माहिती, आवड या स्थिती आहेत, चालू क्रिया नाहीत. ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘शी हॅज ए फीव्हर’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय नो’. ‘मला समजतंय’ हे आपण म्हणतो म्हणून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ लिहू नये. ‘वी आर हॅविंग लंच’ हे बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं, आणि जेवणं ही क्रिया चालू असते.

चौथं वाचन : ए, ॲन, द

मराठीत हे शब्द नाहीत, म्हणून ते आपल्याला कधीच कळणार नाहीत, असं अनेकांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं. ते खरं नाही. तो फरक आपण रोज करतो, फक्त दुसऱ्या वाटेने. ‘मुलगी बघायला चाललोय’ आणि ‘मुलीला बघायला चाललोय’ ही दोन वाक्यं कोणत्याही मराठी घरात म्हणून बघा. पहिल्यात लग्नासाठी स्थळ पाहायचं आहे, मुलगी कोण ते ऐकणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही. दुसऱ्यात ती विशिष्ट मुलगी आहे, कदाचित स्वतःचीच, वसतिगृहात राहणारी. ‘डॉक्टर बोलवा’ म्हणजे कोणीही डॉक्टर, ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हणजे आपले नेहमीचे. पहिल्या प्रकाराला इंग्रजीत ‘ए’ लागतो, दुसऱ्याला ‘द’. ‘ला’ लागण्याची ही खूण प्रत्येक नामाला लागू पडत नाही, पण प्रश्न तोच राहतो : मी कोणाबद्दल बोलतोय हे वाचणाऱ्याला आधीच माहीत आहे का? माहीत असेल तर ‘द’. नसेल आणि वस्तू एकच असेल तर ‘ए’.

म्हणून एखादी गोष्ट पहिल्यांदा येते तेव्हा ‘ए’ आणि त्यानंतर ‘द’. ‘आय बॉट ए फोन. द फोन इज नॉट वर्किंग.’ तक्रारीच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत ‘द फोन’ लिहिलं तर समोरचा विचारात पडतो की कोणता फोन.

व्यवसाय सांगताना मराठीत काहीच लागत नाही : ‘मी शिक्षक आहे’. इंग्रजीत लागतं : ‘आय ॲम ए टीचर’. ‘माय’, ‘हिज’, ‘युवर’ आले की मात्र ‘ए’ही नको आणि ‘द’ही नको.

‘ए’ की ‘ॲन’ याचा निर्णय करायला देवनागरी इतकी सोयीची आहे की हे शाळेत पहिल्या दिवशी सांगायला हवं. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने झाला तर ‘ए’. ‘अवर’ अ-ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’, इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला ‘एच’ असला तरी. ‘ऑनेस्ट’चंही तसंच. ‘युनिव्हर्सिटी’ य-ने सुरू होते, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’, तिच्या सुरुवातीला ‘यू’ असला तरी. ‘ए वन-रुपी कॉइन’, ‘ए युरोपियन कंट्री’. आद्याक्षरांनाही हाच नियम : ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एसएससी सर्टिफिकेट’, पण ‘ए यूपीएससी एक्झाम’. शाळेत ‘ए, ई, आय, ओ, यू’ ही पाच अक्षरं पाठ करून जे अर्धवट कळतं ते देवनागरीत डोळ्यांना दिसतं, कारण आपली लिपी उच्चार लिहिते.

स्थळांच्या नावांसाठी थोडं पाठ करावं लागतं. शहर, राज्य आणि बहुतेक देश यांना काही लागत नाही : पुणे, महाराष्ट्र, इंडिया. नद्या, समुद्र आणि डोंगररांगांना ‘द’ : ‘द गोदावरी’, ‘द अरेबियन सी’, ‘द हिमालयाज’. एकट्या शिखराला नाही : कळसूबाई, एव्हरेस्ट. ‘द युनायटेड स्टेट्स’ आणि ‘द नेदरलँड्स’ हे अपवाद म्हणून लक्षात ठेवा.

पाचवं वाचन : एक की अनेक

मराठी क्रियापद जातो, जातेस, जातात असं सतत बदलत राहतं. इंग्रजी वर्तमानकाळात बदल एकच आहे, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ला लागणारा ‘एस’, आणि तोच सुटतो. मोठ्या वाक्यात खरा कर्ता शोधायला मराठीची मदत घ्या. ‘विद्यार्थ्यांची यादी लागली आहे’ या वाक्यात ‘लागले आहेत’ असं आपण चुकूनही म्हणणार नाही, कारण लागली आहे ती यादी. मग इंग्रजीतही ‘द लिस्ट ऑफ स्टुडंट्स हॅज बीन पुट अप’. ‘स्टुडंट्स’ जवळ दिसला म्हणून ‘हॅव’ होत नाही.

आदरार्थी अनेकवचन मात्र मराठीतच ठेवायचं. ‘सर आले आहेत’, ‘आई गावाला गेल्या आहेत’ (सासूबाईंबद्दल बोलताना) यांतला मान इंग्रजी क्रियापदात उतरत नाही. ‘सर हॅज कम’ यात अनादर नाही. ‘सर हॅव कम’ ही चूक आहे. ‘एव्हरीवन’ एकवचनी असतो, कारण त्याचा अर्थ ‘प्रत्येक जण’. आपण त्याला ‘सगळे’ समजतो आणि ‘हॅव’ लावतो.

काही नामांना इंग्रजीत अनेकवचन नसतं : ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘ॲडव्हाइस’. यांतली बरीचशी मराठीतही तशीच वागतात. ‘माहित्या’ कोणी म्हणत नाही. ‘सल्ले’ मात्र आपण म्हणतो, त्यामुळे ‘ॲडव्हायसेस’ लिहिलं जातं. डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत ‘हेअर’ एकवचनी. ‘न्यूज’ला ‘एस’ असूनही एकवचन, ‘पोलीस’ला ‘एस’ नसूनही अनेकवचन : ‘द पोलीस हॅव अरेस्टेड’. आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे ‘माझा एक मित्र’मधून येतं. ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असं मनात म्हटलं की ‘फ्रेंड्स’ आपोआप येतो.

सहावं वाचन : ‘ला’, ‘शी’, ‘वर’ यांचं काय होतं

आपला ‘ला’ कुठेही जातो. त्याला दिलं, त्याला विचारलं, त्याला सांगितलं, त्याला समजावलं. इंग्रजीत पहिल्या तिघांना काही लागत नाही : ‘गेव्ह हिम’, ‘आस्क्ड हिम’, ‘टोल्ड हिम’. चौथ्याला ‘टू’ लागतो : ‘एक्स्प्लेन्ड इट टु हिम’. ‘सेड’लाही ‘टू’ लागतो, ‘सेड मी’ होत नाही. ‘आय रिक्वेस्ट टु यू’ मधला ‘टू’ काढून टाका. ‘पुण्याला पोहोचलो’ म्हणजे ‘रीच्ड पुणे’, पण ‘अराइव्ह’ वापरलं तर ‘अराइव्हड इन पुणे’.

‘विषयी’मुळे ‘डिस्कस अबाउट’ येतं. ‘टॉक अबाउट’ बरोबर, ‘डिस्कस’ला मात्र काही लागत नाही. ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ’ येतं, हवं ते ‘मॅरीड टू’. ‘वर रागावला’मुळे ‘अँग्री ऑन’, हवं ते ‘अँग्री विथ’. ‘इंग्रजीत हुशार’मुळे ‘गुड इन इंग्लिश’, हवं ते ‘गुड ॲट’. इथे नियम शोधत बसू नका, हाताला लागणार नाही. वहीत क्रियापद त्याच्या जोडीदारासकट लिहायची सवय लावा, एकटं कधीच नको.

वेळेपुरता नियम आहे. घड्याळाची वेळ ‘ॲट’, वार आणि तारीख ‘ऑन’, महिना आणि वर्ष ‘इन’. सकाळ ‘इन द मॉर्निंग’, पण वाराबरोबर आली तर ‘ऑन मंडे मॉर्निंग’, आणि रात्र ‘ॲट नाइट’. ‘टुमारो’, ‘नेक्स्ट वीक’, ‘लास्ट इयर’ यांच्या आधी यातलं काहीही नको.

सातवं वाचन : ‘की’ नंतर कोण बोलतंय

ही चूक बाकीच्यांहून महाग पडते, कारण अर्थच उलटतो. ‘साहेब म्हणाले की मी उद्या येतो.’ मराठीत ‘की’ नंतर साहेबांचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, आणि ‘मी’ म्हणजे साहेब हे सगळ्यांना कळतं. ‘सर सेड दॅट आय विल कम टुमारो’ वाचणाऱ्याला मात्र वाटतं की मेल लिहिणारा येणार आहे. ‘दॅट’ नंतर सगळं लिहिणाऱ्याच्या बाजूने मांडायचं : ‘सर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’. तो ‘उद्या’ अजून यायचा असेल तर ‘टुमारो’ राहू शकतो. ‘डॉक्टरांनी सांगितलं की विश्रांती घ्या’ यासारख्या आज्ञेला ‘दॅट’ नकोच : ‘द डॉक्टर टोल्ड मी टु रेस्ट’.

आठवं वाचन : विरामचिन्हं

जुनी मोडी कागदपत्रं पाहिलीत तर शब्दही सलग लिहिलेले दिसतात, विरामचिन्हं जवळपास नाहीतच. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेने मराठीत आली आणि ती रुजवण्यात कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. चिन्हं तीच असली तरी वापर थोडा वेगळा झाला. मराठीत आपण बोलताना जिथे थांबतो तिथे स्वल्पविराम देतो. इंग्रजीत तो वाक्याच्या सांध्यावर बसतो, आवाज थांबो वा न थांबो.

म्हणून कर्ता कितीही लांबला तरी तो आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम नको. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘ऑल्दो’ने सुरू झालेला भाग संपला की हवा. ज्यादा माहिती दोन स्वल्पविरामांत ठेवायची, एकात नाही, आणि इथे अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नागपूर, इज ए डॉक्टर’ असं लिहिलं तर मला एकच भाऊ आहे. दोन्ही स्वल्पविराम काढले तर भाऊ अनेक आहेत आणि त्यांतला नागपूरचा तो डॉक्टर.

यादीतल्या शेवटच्या ‘ॲन्ड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही यावर इंग्रजीतच दोन पंथ आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात त्यावरून मोठा खटला झाला. जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही याची यादी तिथल्या कायद्यात होती आणि तिचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा होता, ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांचं म्हणणं असं की यात फक्त पॅकिंग येतं, आणि ते तर माल पोहोचवतात. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्ध मजकुराचा फायदा चालकांना दिला आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. माझा कौल तो स्वल्पविराम देण्याकडे आहे. अर्थ धूसर होण्याचा धोका त्याने बहुतेक वेळा टळतो. कोणताही पंथ धरा, पण एका मजकुरात एकच.

वर टांगलेला तो स्वल्पविराम, ॲपॉस्ट्रॉफी, दोनच कामं करतो : गाळलेलं अक्षर दाखवतो किंवा ‘चा-ची-चे’ दाखवतो. अनेकवचनाशी त्याचा संबंध नाही. दुकानाच्या पाटीवरचे ‘टीव्हीज’, ‘मोबाइल्स’ त्याच्याशिवाय लिहायचे. ‘इट्स’ची परीक्षा अशी : त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून बघा. वाक्य जुळलं तर चिन्ह द्या, नाही जुळलं तर तो ‘त्याचा’ आहे, चिन्ह नको. अनेकवचनी नामाला चिन्ह ‘एस’च्या नंतर येतं, म्हणून रजेच्या अर्जातल्या ‘टू डेज लीव्ह’मध्ये ते ‘डेज’च्या शेवटी.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे ती आपल्या डोळ्यांना सुटतात. ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ नेहमी मोठा. वार, महिने, भाषा, देश, माणसांची नावं मोठ्या अक्षराने. ऋतू लहान, ‘मॅथेमॅटिक्स’ लहान, पण ‘इंग्लिश’ आणि ‘मराठी’ मोठ्या. महत्त्वाचा वाटला म्हणून वाक्याच्या मध्येच कोणताही शब्द मोठ्या अक्षराने सुरू करू नका. टाइप करताना चिन्ह आधीच्या शब्दाला चिकटवा आणि जागा त्यानंतर सोडा.

एक अर्ज तपासून बघू

‘आय ॲम वर्किंग इन युवर ऑफिस सिन्स थ्री इयर्स. माय मदर इज हॅविंग फीव्हर फ्रॉम येस्टरडे, आय कॅनॉट एबल टु कम. डॉक्टर हॅज टोल्ड दॅट गिव्ह हर रेस्ट. आय हॅड अप्लाइड फॉर लीव्ह ऑन मंडे ऑल्सो बट आय डिड नॉट रिसीव्हड रिप्लाय. आय रिक्वेस्ट टु यू टु ग्रँट मी टू डेज लीव्ह.’

कळतं सगळं, पण वर पाहिलेली जवळपास प्रत्येक जागा यात आहे. तपासल्यावर :

‘आय हॅव बीन वर्किंग इन युवर ऑफिस फॉर थ्री इयर्स. माय मदर हॅज हॅड ए फीव्हर सिन्स येस्टरडे, सो आय कॅनॉट कम टु वर्क. द डॉक्टर हॅज टोल्ड हर टु रेस्ट. आय ऑल्सो अप्लाइड फॉर लीव्ह ऑन मंडे, बट आय डिड नॉट रिसीव्ह ए रिप्लाय. आय रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी टू डेज लीव्ह.’

दुसऱ्या वाक्यातला स्वल्पविराम ‘सो’ आल्यामुळे बरोबर ठरला. ‘डॉक्टर’ला ‘द’ लागला, कारण ज्यांनी आईला तपासलं तेच डॉक्टर. ‘रिप्लाय’ला ‘ए’ लागला, कारण कोणतंही एक उत्तर आलं असतं तरी चाललं असतं. पहिलं वाक्य तर अर्जातून काढूनच टाकता येईल. तीन वर्षं काम केलं हे साहेबांना माहीत असतं आणि रजेशी त्याचा संबंध नाही.

स्वतःचा असा एखादा जुना अर्ज किंवा मेल घ्या आणि आठही वाचनं त्यावर करा. बहुतेकांच्या चुका दोन-तीन जागांवरच गोळा होतात असं दिसेल. त्या जागा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढचे काही आठवडे फक्त तेवढीच वाचनं करा. बाकीच्यांकडे नंतर वळता येतं.

फोन आणि संगणकावरची भाषा भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजीवर ठेवा, म्हणजे ‘कलर’, ‘सेंटर’ यांची आपल्याकडची स्पेलिंगं चूक म्हणून लाल होणार नाहीत. लाल रेघ नाही म्हणजे चूक नाही असं मात्र समजू नका. ‘आय हॅड गॉन टु नाशिक येस्टरडे’ यातल्या प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग बरोबर आहे. परदेशी पाठवायच्या मेलमध्ये तारखेचा महिना अक्षरात लिहा, कारण ५/६ हा आपल्याकडे पाच जून असतो आणि अमेरिकेत सहा मे.